हिरा, तू कॉटवरून का उतरलीस

हिरा, तुझ्या कॉटवर तू गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी नवीन पेशंट आली. चादर बदलली, उशाची पाटी बदलली. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मग काय, कॉट रिकामी ठेवून उदबत्ती लावायची का?" कुणी गेलं आणि नवीन पोरी रडायला लागल्या की हे तुझं ठरलेलं बोलणं. तुझ्या बाबतीत मात्र ते मला मनातल्या मनातसुद्धा म्हणवलं नाही. मी वॉर्डच्या दारातूनच परत फिरले आणि खाली डायलिसिस विभागात माझ्या ड्युटीवर जाऊन बसले.

लोक भेटतात. तू किती प्रेमळ होतीस, किती कष्टाळू होतीस, असं सांगतात. मी मान हलवते. खरं तर मला तुझ्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्ध्यावर राहिलं आणि तू निघून गेलीस, हे काही बरं केलं नाहीस.

आपण दोघी भांडणातूनच मैत्रिणी झालो ना गं. नर्सिंगच्या होस्टेलवर खिडकीजवळच्या कॉटवरून. तू पेठच्या डोंगरातून आलेली, मी नांदगावची. तुला माझं बोलणं रांगडं वाटायचं आणि मला तुझे अर्धे शब्द कळायचे नाहीत. मग पेशंटला उठवायचं कसं, ते शिकवलं गेलं. एक पाय पुढे, एक मागे, हात काखेखालून पाठीवर, पेशंटचा भार आपल्या कमरेवर. तू ते घोकत बसलीस. रोज संध्याकाळी व्हरांड्यात मला उभी करायचीस. "विजे, पडल्यासारखं कर." मी अंग सोडून द्यायचे. पहिल्यांदा दोघीही आपटलो होतो आणि हसून हसून पोट दुखलं होतं. नंतर मात्र तू मला एकदाही खाली पडू दिलं नाहीस.

त्या एकलहऱ्याच्या काकांबद्दल तू नंतर फार कमी बोललीस, पण तिथूनच सगळं सुरू झालं, हे मला ठाऊक आहे. पॉवर हाउसमधून रिटायर झालेले, काविळीसाठी आलेले, सगळ्या सिस्टरना 'बेटा' म्हणणारे. बरे होत आले होते. उजाडता उजाडता बाथरूमला जायला एकटेच उठले. बेल हाताशी होती, पण वाजवली नाही. तू पलीकडच्या कॉटवर इंजेक्शन देत होतीस. आवाज ऐकून धावलीस तेव्हा ते ओल्या फरशीवर आडवे होते आणि तुलाच म्हणत होते, "काही नाही बेटा, काही नाही." खुबा मोडला होता. ते पुन्हा चालले नाहीत, आणि पावसाळा संपायच्या आत गेलेही.

त्यांच्या बायकोने तुला एकच विचारलं होतं, "तुम्ही होतात ना तिथं?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. तू "हो" म्हणालीस, आणि त्या दिवशी बस स्टॉपवर उभं राहून मला म्हणालीस, "विजे, त्यांनी बेल का नाही दाबली माहितीये? लाज वाटली. आपल्या मुलीच्या वयाच्या पोरीला भांडं द्यायला कसं बोलवायचं? माणसं पाय घसरून पडत नाहीत गं. लाजेनं पडतात."

त्यानंतर तू पछाडल्यासारखी झालीस. कॉटची उंची कमी करून घेतलीस, बाथरूममध्ये धरायला दांड्या लावून घेतल्यास, दर थोड्या वेळाने एकेका पेशंटपाशी जाऊन "बाथरूमला जायचंय का?" असं मोठ्यानं विचारायचीस, म्हणजे त्यांना लाज वाटायला नको. तरीही कुणी ना कुणी पडायचंच. मग कुठल्याशा कार्यक्रमात तू त्या यंत्राबद्दल ऐकलंस आणि मेट्रनपासून वरपर्यंत सगळ्यांचं डोकं खाल्लंस. शेवटी तुझ्याच वॉर्डात ते पहिल्यांदा बसवलं गेलं.

सातपूरहून रेवती आली होती ते लावायला, ती बारीकशी इंजिनियर मुलगी. तिनं आपल्याला ते स्क्रीनवर दाखवलं. कॅमेरा पेशंटचा चेहरा दाखवत नव्हता, कपडे दाखवत नव्हता. काळ्या पडद्यावर फक्त पांढऱ्या रेघांचं माणूस दिसत होतं. डोकं, पाठ, हात, पाय. पेशंट नुसता कुशीवर वळला, की उठायच्या बेतात आहे, हे त्या रेघांवरून यंत्राला आधीच कळायचं. शेकडो माणसांचं उठणं पाहून ते शिकलंय, असं रेवती म्हणाली. पाय कॉटवरून खाली यायच्या आत सिस्टरच्या टेबलावर गजर व्हायचा आणि पेशंटच्या उशाशी असलेल्या स्पीकरमधून सूचना यायची. सूचना हिंदीत होती, आकाशवाणीवरच्या बाईसारखी.

"हे नाही चालायचं," तू म्हणालीस. "सुरगाण्याच्या म्हातारीला वाटेल, स्टेशनवर गाडी आली."

रेवती हसली. "मग मॅडम, तुमच्याच आवाजात घेऊ या का?"

तू लगेच घसा साफ केलास. आणि बोललीस, जसं तू खरोखर कॉटपाशी बोलायचीस तसंच: "थांबा हं. उठू नका. मी आलेच."

तिथेच आपलं वाजलं. मी म्हटलं, "शेवटचं काढ. 'मी आलेच' कशाला? तू सुट्टीवर असशील, जेवायला गेली असशील. यंत्र तुझ्या तोंडून वचन देणार आणि ते पाळायचं कुणी? 'सिस्टरला कळवलं आहे' एवढंच म्हण."

"कुणीतरी येईलच की. वॉर्ड आहे तो, ओसाड माळ आहे का?"

"आज आहे. उद्या वरचे म्हणतील, यंत्र लक्ष ठेवतंय, मग माणसं कशाला हवीत एवढी?"

"तुला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते, विजे. 'सिस्टरला कळवलं आहे' असं सांगितलं तर कुणी थांबेल का? कुणी येतंय म्हटलं की माणूस थांबतो."

ते वाक्य तसंच राहिलं. आणि हे सांगायलाच हवं, माणसं थांबत होती. माझे वडील हर्नियाच्या ऑपरेशननंतर तुझ्या वॉर्डात होते, तेव्हा भूल पुरती उतरली नसताना उठायला निघाले. मी जेवणाचा डबा घेऊन जिन्यात होते. मी पोचले तेव्हा तू त्यांना कमरेवर तोलून धरलं होतंस आणि अण्णा तुझ्यावरच चिडले होते. "ही बया भिंतीतून वरडती आन् लगेच दारातून बी येती! हिच्या दोन जुळ्या बहिणी हायेत का?" वॉर्डभर हशा झाला. अण्णा आज नांदगावात स्वतःच्या पायांनी मारुतीला जातात. त्याबद्दल मी तुला कधी काही बोलले नाही. आपल्यात आभार मानायची पद्धत नव्हती आणि शिवाय तू म्हणाली असतीस, "बघ, आता कबूल कर."

तुझ्या वॉर्डात कुणी पडलं नाही, असे महिनेच्या महिने गेले. तुझा सत्कार झाला, शाल मिळाली. आणि मग मी म्हणत होते ते झालं. दिवसपाळीच्या दोन मावश्यांपैकी एक दुसऱ्या मजल्यावर गेली. नवीन पोरी नोकरी सोडून गेल्या, त्यांच्या जागा भरल्या नाहीत. गजर व्हायचा आणि तू धावायचीस. दोन गजर एकदम झाले की कुठे आधी जायचं ते तू पळता पळता ठरवायचीस. तुझे गुडघे सुजले. तू वर भांडायला जायचीस, येऊन माझ्याकडे चहा प्यायचीस आणि म्हणायचीस, "साहेब म्हणतात, आकडे तर उत्तम आहेत, मग अडचण कुठे आहे?"

"अडचण तुझ्या गुडघ्यांत आहे," मी म्हणायचे.

"यंत्राचा काय दोष त्यात?"

"मी यंत्राला दोष देतच नाहीये, बाई!"

आपण दोघी तेच तेच बोलत होतो आणि दोघींना वाटायचं की समोरचीला कळत नाहीये. आता मला वाटतं, तुला कळलं होतं. फक्त ते मान्य केलं तर यंत्रच काढून नेतील आणि पुन्हा कुणी काका ओल्या फरशीवर दिसतील, ही तुला भीती होती.

गुडघेदुखीच्या तपासण्या करता करता रक्ताचा रिपोर्ट वाईट आला. मग सगळं फार भराभर झालं. केमोने तुझे केस गेले तेव्हा तू टोपी घालून वॉर्डात राउंडला आलीस आणि पेशंटनाच धीर देत फिरलीस. दुसऱ्या केमोनंतर ताप आला आणि तुला ॲडमिट करावं लागलं. आपल्या माणसाला वेगळी खोली देतो म्हणाले, तर तू नको म्हणालीस. ताप उतरल्यावर स्वतःच्याच वॉर्डात आलीस, खिडकीजवळच्या कॉटवर. पांढऱ्या पेशी सावरल्या होत्या. प्लेटलेट्स मात्र फार कमी होत्या. डॉक्टरांनी तुला आणि तुझ्या लेकीला, स्नेहाला, बसवून सांगितलं होतं, "सिस्टर, तुम्हाला वेगळं सांगायला नको. डोक्याला नुसता मार लागला तरी रक्तस्राव थांबवणं कठीण जाईल. एकट्यानं उठायचं नाही."

"माहितीये," तू म्हणालीस. "माझाच कॅमेरा आहे वरती."

पहिल्याच दिवशी तू पाणी घ्यायला उठलीस आणि तुझाच आवाज तुझ्या उशाशी बोलला. "थांबा हं. उठू नका. मी आलेच." तू दचकलीस. मग मला फोन करून म्हणालीस, "विजे, किती दमदार बोलायचे गं मी." त्या वेळी तुझा आवाज इतका बारीक झाला होता की मी फोन कानाशी दाबून धरला. दुसऱ्या दिवशी तू वैतागलीस. म्हणालीस, आयुष्यभर मी लोकांना उठू नका म्हणत आले, ते असं असतं होय? साधं खिडकीपर्यंत जाऊ देत नाही. पण थांबत होतीस. ड्युटीवरच्या पोरीला धावायला लागू नये म्हणून थांबत होतीस. दोन-तीन दिवसांत घरी सोडणार होते.

शेजारच्या कॉटवर ठकूआजी होत्या, नांदगाव तालुक्यातल्याच, माझ्या माहेराकडच्या. अंगातलं सोडियम फार कमी झालेलं, त्यामुळे त्यांना भ्रम झाला होता. आपण दवाखान्यात आहोत हेच त्यांना पटत नव्हतं. तू पडल्या पडल्या त्यांच्याशी बोलत राहायचीस, त्यांच्या शेळ्यांची नावं विचारायचीस. मी सकाळी तुला भेटायला आले तेव्हा त्या तुला सांगत होत्या, "लय गुणाची हाय माझी काळी. पर उन्हात बांधली का वरडती." ती माझी तुझी शेवटची भेट. तू मला म्हणालीस, "जाताना मोसंबी घेऊन जा, मला नकोत." एवढंच.

त्या दुपारी काय झालं ते मी तिथं असलेल्यांकडून ऐकलं. पाळी बदलायची वेळ होती. एक सिस्टर टेबलापाशी पुढच्या पाळीच्या सिस्टरला ओव्हर देत होती, एकेका पेशंटची माहिती सांगत होती. तेवढ्यात टोकाच्या कॉटवरच्या बाईंना झटका आला. दोघीही तिकडे धावल्या, त्यांनी धावायलाच हवं होतं. मावशी एका पेशंटला घेऊन सोनोग्राफीला गेली होती. दुसरी मावशी नव्हतीच. स्नेहा तुझी औषधं आणायला खाली मेडिकलमध्ये गेली होती. आजींची सून बाहेर नळावर डबा धुवायला गेली होती.

आजी उठून बसल्या. "शेरडं उन्हात हायेत," म्हणाल्या आणि कॉटच्या कठड्यावरून पाय टाकायला लागल्या. टेबलावर गजर वाजला. भिंतीतून तू म्हणालीस, "थांबा हं. उठू नका. मी आलेच." आजी थांबल्या नाहीत. पुन्हा गजर झाला, पुन्हा तू तेच म्हणालीस. पलीकडच्या कॉटवरच्या बाई सांगतात, तू आधी हाक मारलीस. "सिस्टर! अगं सिस्टर!" पण तुझी हाक तिथपर्यंत पोचली नाही. मग तू आजींना म्हणालीस, "आजी, काळीला मी सावलीत बांधली. तुम्ही बसा." त्यावर त्या क्षणभर थांबल्याही. नंतर दुसरा पाय टाकला.

मग तू उतरलीस.

आठवड्याने वरच्या खोलीत बैठक झाली. मेट्रन होत्या, डॉक्टर होते, साहेब होते, रेवती होती. स्नेहाने मला सोबत नेलं होतं. रेवतीने रेकॉर्डिंग लावलं. आवाज नव्हता. काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघांची दोन माणसं. एक कठड्यावर अडकलेलं, दुसरं आडवं. मग आडवं असलेलं बसलं, कॉटची कड धरून उभं राहिलं, आणि चाललं. हिरा, तिथे चेहरा नव्हता, टोपी नव्हती, काही नव्हतं. तरी मी तुला ओळखलं. एक पाय पुढे, एक मागे. हात काखेखालून पाठीवर. तू आजींचा सगळा भार कमरेवर घेतलास आणि त्यांना हळूच मागे, कॉटवर बसवलंस. त्यांचे दोन्ही पाय उचलून वर ठेवलेस. मग सरळ व्हायला गेलीस आणि धरायला काहीच नव्हतं. रेघा एकदम खाली गेल्या.

रेवतीने पडदा बंद केला आणि तिथेच रडायला लागली. स्नेहा रडली नाही. ती म्हणाली, "परत दाखवता?" कुणी दाखवलं नाही.

साहेबांनी घसा साफ केला. "आम्हा सगळ्यांना फार वाईट वाटतंय. पण नोंद म्हणून सांगायला हवं, सिस्टीम कुठेही फेल झालेली नाही. दोन्ही पेशंटचे गजर वेळेवर झाले."

"खरंय," मी म्हटलं. "यंत्रानं त्याचं काम चोख केलं. त्यानं सांगितलं. आता मला एवढंच सांगा, त्यानं ते सांगितलं कुणाला?"

मेट्रन खाली बघत होत्या. त्यांनीही दुसऱ्या मावशीसाठी तुझ्याबरोबर वर खेटे घातले होते, ते मला माहीत आहे. मला वाटलं होतं, हा प्रश्न विचारला की मला हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. खोलीत एसीचा आवाज येत होता आणि स्नेहा आपल्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. दोन दिवस तू व्हेंटिलेटरवर होतीस तेव्हाही ती अशीच बसून होती.

दुसरी मावशी परत आली, हिरा. लगेच आली. पाळी बदलताना एका माणसानं फक्त वॉर्डात उभं राहायचं, दुसरं काही करायचं नाही, असाही नियम झाला. तू यासाठी किती वेळा वर गेली होतीस. इतकं सोपं होतं ते.

आणि तुझा आवाज काढला. स्नेहानेच सांगितलं काढायला. तिनं रेवतीकडून तो आधी स्वतःच्या फोनवर घेतला. आता तिथे एका नवीन सिस्टरचा आवाज आहे. ती म्हणते, "कृपया थांबा. सिस्टरला कळवलं आहे." मी इतकी वर्षं मागत होते तेच वाक्य. वादात मी जिंकले म्हणायचं. पण परवा मी वॉर्डात असताना एका बाईंनी ते ऐकलं आणि सरळ पाय खाली टाकला. मी धरलं त्यांना. तेव्हा तू म्हणायचीस ते मला पटलं. कुणी येतंय म्हटल्यावरच माणूस थांबतो. फक्त कुणीतरी यायला हवं, एवढंच माझं म्हणणं होतं. दोन्ही मिळून एक वाक्य होतं गं ते, आणि आपण दोघी त्याची दोन टोकं धरून ओढत बसलो.

तरीही मला राग येतो. तू आजींना कठड्यावर नुसतं दाबून धरू शकली असतीस. स्वतःच्या कॉटवर बसून ओरडत राहू शकली असतीस. त्या पडल्या असत्या तर कदाचित हात मोडला असता, प्लॅस्टर लागलं असतं. तुला तुझ्या प्लेटलेट्स माहीत होत्या. स्नेहाचं अजून लग्न व्हायचंय हे माहीत होतं. तू विचार केलास की नाही, हे मी पुन्हा पुन्हा स्वतःला विचारते. कधी वाटतं, केला नाहीस, हात आपोआप गेले. कधी वाटतं, केलास आणि मगच उतरलीस. यातलं कुठलं जास्त सोसवेल, ते मला ठरवता येत नाही.

काल ठकूआजी तपासणीला आल्या होत्या. मला ओपीडीतून निरोप आला म्हणून मी वर गेले. बाकावर बसल्या होत्या, डोक्यावर पदर, हातात काठी. भ्रम पूर्ण गेलाय. मी नांदगावची म्हणून ओळख सांगितल्यावर खूश झाल्या, माझ्या चुलत्यांचं घर त्यांना माहीत निघालं. सून माझ्याकडे बघून हळूच 'नको' अशी मान हलवत होती. त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही.

"माझ्या शेजारी एक बाई व्हत्या," आजी म्हणाल्या. "डोक्याला टोपी. लय ग्वाड बोलायच्या. बऱ्या झाल्या का त्या?"

सून खिडकीबाहेर पाहायला लागली. माझ्या तोंडात शब्द आला होता, हिरा. खरं सांगते, अगदी ओठावर आला होता. समोर तुझ्यामुळे धडधाकट बसलेली बाई होती, आणि मला वाटलं, हिला कळायला हवं.

"त्या गेल्या आता इथून," मी म्हटलं.

"घरला गेल्या व्हय? बरं झालं." त्यांना काहीतरी आठवल्यासारखं झालं. कपाळाला आठ्या घालून त्यांनी मला विचारलं, "तव्हा मला काय बी उमजत नव्हतं बघा. म्या पडले बिडले तर नाय ना कुठं?"

"नाही आजी," मी म्हटलं. "तुम्हाला पडू दिलं नाही."

"मंग झालं," त्या म्हणाल्या, आणि काठी टेकून उठल्या.